हॉस्पिस कसं निवडायचं: पेशंटच्या घरच्यांसाठी, एकेक पायरी

"आता घरी न्या, सेवा करा" असं डॉक्टरांनी सांगितलं की त्यापुढचं कुणी काही सांगत नाही. डिस्चार्जची फाईल हातात येते, आणि पलंग कुठल्या खोलीत टाकायचा इथपासून रात्री दुखायला लागलं तर फोन कुणाला करायचा इथपर्यंत सगळं घरच्यांनाच ठरवायचं असतं, तेही दोन-चार दिवसांत, झोप नसताना. हा लेख अशा वेळी हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचा त्रास कमी करणारी जागा) किंवा घरी येणारी टीम शोधणाऱ्यांसाठी लिहितोय. माझ्या बाबांना तोंडाचा कॅन्सर होता. शेवटचे महिने आधी घरी होमकेअर टीमच्या मदतीने आणि नंतर हॉस्पिसमध्ये गेले, त्याआधी आम्ही भावंडांनी बऱ्याच जागा बघितल्या, बऱ्याच फोनवर बोललो, आणि काय विचारायचं हे हळूहळू कळत गेलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जागा चांगली आहे की नाही हे रात्री दोन वाजता कळतं. पेशंट कळवळतोय, तेव्हा तिथं जागं कोण आहे, त्याच्या हातात औषध आहे का आणि ते द्यायचा अधिकार त्याला आहे का. बाग, एसी, टीव्ही, रिसेप्शनवरचा हसरा चेहरा हे सगळं नंतर. खाली लिहिलेलं सगळं शेवटी ह्याच एका गोष्टीची खात्री करण्यासाठी आहे.

१. आधी ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवंय

एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात म्हणून हे आधी.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, उलट्या, जखमा, भीती यांचा त्रास कमी करणारा उपचार. हा आजाराच्या कुठल्याही टप्प्यावर घेता येतो, केमो चालू असतानाही. हॉस्पिस म्हणजे त्यातलाच शेवटच्या काळातला भाग, जेव्हा आजार बरा करायचे उपचार थांबलेले असतात. काही ठिकाणी अ‍ॅडमिट करून घेतात, काही ठिकाणी फक्त ओपीडी असते, काही टीम घरी येतात, आणि चांगल्या संस्था यातलं दोन-तीन प्रकारचं एकत्र करतात, म्हणजे थोडे दिवस अ‍ॅडमिट करून दुखणं आटोक्यात आणायचं आणि मग घरी पाठवून फोनवर आणि भेटी देऊन सांभाळायचं. जमलं तर असलं ठिकाण शोधा, कारण बहुतेक पेशंटना घरीच राहायचं असतं आणि घरच्यांना रात्रीची भीती वाटत असते, दोन्ही जमतं.

वृद्धाश्रम, "असिस्टेड लिव्हिंग" आणि नर्सिंग ब्यूरो हे हॉस्पिस नाही. बोर्डावर "अंतिम टप्प्यातील रुग्णांची सेवा" लिहिलेलं असतं पण आत पॅलिएटिव्ह शिकलेला एकही डॉक्टर नसतो, अशा जागा पुण्या-मुंबईच्या आसपास आता बऱ्याच झाल्यात. तिथली माणसं प्रेमळ असतील, अंघोळ-जेवण नीट करतील, पण दुखणं त्यांच्या हातात नसतं.

२. नावं कुठून काढायची

पहिली विचारणा तुमच्या कॅन्सर हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करकडे करा, डॉक्टरांपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा वेगळा विभाग आहे. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस तेच, गोव्यात लोटलीला आणि दिल्लीतही त्यांची केंद्रं आहेत. मुंबईत घरी येऊन कॅन्सरच्या पेशंटना बघणारी पालकेअर ही संस्था आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून आहे. मराठी माणसं बाहेरही असतात म्हणून सांगतो, बेंगळुरूला करुणाश्रय, हैदराबादला स्पर्श हॉस्पिस, दिल्लीत घरी येणारी कॅनसपोर्ट. जिल्ह्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह ओपीडी आहे का हे विचारा, केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे आणि काही जिल्ह्यांत त्यातून बरं काम उभं राहिलंय. पॅलियम इंडिया ही तिरुवनंतपुरमची संस्था देशभरातल्या केंद्रांची राज्यवार यादी ठेवते, तीही बघा.

इथं दोन गोष्टी लक्षात ठेवा. यातल्या बऱ्याच संस्था पैसे घेत नाहीत, आणि फुकट आहे म्हणजे काहीतरी कमी असणार हा विचार डोक्यातून काढून टाका. ह्या क्षेत्रात उत्तम काम बरंचसं ट्रस्टच्याच जागांमध्ये होतं. दुसरं, पुष्कळ हॉस्पिस फक्त कॅन्सरचेच पेशंट घेतात. किडनी, डिमेन्शिया, फुप्फुसाचा जुना आजार, पॅरालिसिस असेल तर पहिल्या फोनलाच विचारा, नाहीतर फाईल घेऊन जाल आणि गेटवरून परत याल.

३. पहिला फोन

फोन दुपारी करा आणि मग तोच फोन रात्री साडेदहा-अकराला परत करा. दुसरा फोन जास्त महत्त्वाचा. कोण उचलतं, किती वेळाने उचलतं, "सकाळी करा" म्हणतं की "काय त्रास होतोय" विचारतं, ह्यातून निम्मी जागा कळते.

दिवसाच्या फोनवर एवढं विचारून घ्या:

- कुठल्या आजाराचे पेशंट घेता, बेड आहे का, नसेल तर वेटिंग किती
- अ‍ॅडमिशनच्या आधी डॉक्टर फाईल बघतात का, पेशंटला आणावं लागतं का
- घरचं माणूस सोबत राहिलंच पाहिजे का, किंवा राहू देतात का (काही ठिकाणी एक जण लागतोच, काही ठिकाणी रात्री कुणालाच थांबू देत नाहीत, दोन्हीची कारणं असतात पण तुमच्या घराला काय झेपेल ते बघा)
- रात्री ड्युटीवर डॉक्टर असतो की फोनवर असतो, आणि शिकलेली सिस्टर किती
- नळीने जेवण, कॅथेटर (लघवीची नळी), ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र), पोटातलं पाणी काढणं, मोठी जखम हे सांभाळता का
- जास्तीत जास्त किती दिवस ठेवता

शेवटचा प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही पण विचारा. काही ठिकाणी ठरावीक दिवसांनंतर पेशंट स्थिर असेल तर घरी पाठवतात, आणि ते माहीत नसलं की घरात एकदम धांदल उडते.

४. मॉर्फिनचा प्रश्न

यावर जरा जास्त लिहितो कारण सगळं इथंच अडतं.

सरळ विचारा: "तुमच्याकडे तोंडाने द्यायचं मॉर्फिन आहे का? आज स्टॉकला आहे का? रात्री ते कोण देतं?" तीन वेगळे प्रश्न आहेत, तिन्हींची वेगळी उत्तरं घ्या.

कॅन्सरच्या जोराच्या दुखण्यावर मॉर्फिन हे जगभर मानलेलं, स्वस्त औषध आहे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात लायसनची इतकी कटकट होती की हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं आणि डॉक्टरांच्या एका अख्ख्या पिढीने ते कधी हाताळलंच नाही. २०१४ मध्ये कायदा बदलला. आता मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं "अत्यावश्यक" यादीत आहेत आणि ती ठेवायला संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची, म्हणजे आपल्याकडे एफडीएची, एक मान्यता पुरते. तेव्हा "लायसन मिळत नाही हो, काय करणार" हे उत्तर ज्या जागेकडून येईल तिला हॉस्पिस म्हणू नका. आम्हाला एका महागड्या सेंटरमध्ये हसून सांगितलं होतं की "तेवढी गरज पडत नाही, आम्ही ट्रामाडॉलचं इंजेक्शन देतो." ट्रामाडॉल हे मॉर्फिनपेक्षा बरंच सौम्य औषध. तिथून आम्ही चहा न घेता उठलो.

आहे म्हणाले तरी पुढं खोदा. चांगल्या टीमच्या ह्या खुणा:

मॉर्फिनची साधी गोळी साधारण चार तास काम करते, म्हणून ती घड्याळ लावून देतात, पेशंट ओरडायची वाट बघत नाहीत. "दुखलं तर सांगा, मग देऊ" एवढंच असेल तर तो दुखण्याच्या मागे धावण्याचा प्रकार आहे. घड्याळाच्या डोसशिवाय मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जास्तीचा डोस चार्टवर आधीच लिहून ठेवलेला असतो, म्हणजे रात्रीच्या सिस्टरला डॉक्टर फोन उचलेपर्यंत थांबावं लागत नाही. मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून लिहितात, कारण बद्धकोष्ठ होणारच असतं आणि ते दुखण्याइतकंच छळतं. आणि सुरू करायच्या आधी किडनीचा रिपोर्ट, क्रिएटिनिन, विचारतात. किडनी खराब असेल तर डोस कमी करावा लागतो किंवा फेंटानिलच्या, कातडीला चिकटवायच्या पॅचसारखं दुसरं काही वापरावं लागतं, तो पॅच तीन दिवस चालतो पण बराच महाग पडतो. ही चार उत्तरं आपणहून आली तर समजा, इथं काम जाणणारी माणसं आहेत.

नातेवाईक हमखास म्हणणार, मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो, नाहीतर व्यसन लागतं. नीट मोजून, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही. होतं असं की कितीतरी रात्री न झोपलेला माणूस दुखणं थांबल्यावर दोन दिवस गाढ झोपतो आणि घरचे घाबरतात. चांगली टीम हे आधीच सांगून ठेवते, आमच्या डॉक्टरीणबाईंनी तर काकांना समोर बसवून समजावलं होतं कारण घरात विरोध तेच करत होते, आणि मला वाटतं घरातल्या सगळ्यात विरोधी माणसाशी बोलायची तयारी हीसुद्धा टीमची एक परीक्षाच आहे.

५. स्वतः जाऊन बघा, आणि न सांगता परत जा

पहिल्यांदा वेळ घेऊन जा. दुसऱ्यांदा संध्याकाळी सात-आठला, शिफ्ट बदलताना, सहज म्हणून. मॅनेजर जे दाखवतो ते बघून घ्या आणि मग जे दाखवत नाही ते बघा.

एका ठिकाणी आम्हाला खोलीतला टीव्ही, बाल्कनी, व्हिजिटरचा सोफा असं सगळं फिरवून दाखवत होते. शेजारच्या बेडवर एक आजी होत्या. ओठ सुकून फुटलेले, जिभेवर पांढरा थर, आणि पाण्याचा ग्लास खिडकीच्या कट्ट्यावर, हात पोचणार नाही इतका लांब, वर झाकण. दुसऱ्या एका ट्रस्टच्या जागेत फरशी जुनी, पंखे आवाज करणारे, पण एक मावशी बेडमागून बेड ओल्या गॉजने प्रत्येकाचं तोंड पुसत चालल्या होत्या आणि पुसताना प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या, ज्यांना शुद्ध नव्हती त्यांनासुद्धा. बाबांना आम्ही तिथंच नेलं.

बघायच्या गोष्टी अशाच बारीक असतात. पेशंटची नखं, दाढी, तोंड. बेल हाताला लागते का, आणि वाजवल्यावर कुणी येतं का (तुम्ही उभे असताना कुणीतरी वाजवेलच, थांबून बघा). युरिन बॅग जमिनीवर लोळतेय की बेडला टांगलीय. पेशंट सगळे सरळ पाठीवरच झोपलेत का? हलता न येणाऱ्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, तिची नोंद असते, ती दाखवा म्हणा. "आमच्याकडे एअर मॅट्रेस आहे" हे त्याचं उत्तर नाही, गादी असली तरी कूस बदलावीच लागते.

वासाबद्दल. शेवटच्या टप्प्यातल्या जागेत थोडा वास असणारच, फिनेलचा, औषधाचा, जखमांचा. सडका, तुंबलेला वास वेगळा, आणि नुसताच रूम फ्रेशनरचा भपकारा त्याहून जास्त संशयाचा. तोंडाच्या किंवा छातीच्या कॅन्सरच्या उघड्या जखमांना फार वास येतो आणि त्याची पेशंटला स्वतःला भयंकर लाज वाटते, तो माणसांत यायचंच बंद करतो. त्यावर उपाय साधा आहे, मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड करून ड्रेसिंगमध्ये टाकतात, काही दिवसांत वास उतरतो. हे सिस्टरला विचारून बघा. जखमेत अळ्या झाल्या तर काय करता हेही विचारा, होतात त्या, आणि ज्यांनी काम केलंय त्या सिस्टर चेहरा न पाडता कसं काढतो ते सांगतात. ज्यांनी केलेलं नाही त्या "तसं आमच्याकडे होत नाही" म्हणतात.

६. माणसं कोण आहेत

डॉक्टर पॅलिएटिव्ह शिकलेला आहे का ते विचारायला संकोच करू नका. एमडी पॅलिएटिव्ह मेडिसिन केलेले अजून कमी आहेत, पण फेलोशिप किंवा इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा कोर्स केलेले बरेच भूलतज्ज्ञ, जनरल फिजिशियन सापडतात, तेही उत्तम. सिस्टर नर्सिंग शिकलेल्या आणि नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेल्या असाव्यात, पांढरा ड्रेस घातला म्हणजे सिस्टर होत नाही. काउन्सेलर आणि सोशल वर्कर आठवड्यातून किती वेळा येतात हेही विचारा.

पण खरी माहिती मावशी आणि मामांकडून मिळते. किती वर्षं आहात, रात्री किती पेशंटमागे एक जण असता, एवढंच प्रेमाने विचारा. दर महिन्याला माणसं बदलणारी जागा असेल तर कळून येतं. आणि बाहेर बाकावर बसलेल्या दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांशी बोला, ते काही लपवत नाहीत.

७. टीम घरी येणार असेल तर

घरच्या सेवेत तुम्हीच रात्रपाळीची सिस्टर असता, त्यामुळे टीम तुम्हाला किती शिकवते हे बघा. कूस बदलणं, नळीने भरवणं (डोकं वर करून, सावकाश, नंतर थोडा वेळ बसवून ठेवायचं), कॅथेटर धुणं, तोंड साफ ठेवणं, जास्तीचा डोस कधी द्यायचा, हे तुमच्या हातून करून घेतात का. नुसतं येऊन बीपी बघून सही घेऊन जाणारी टीम असते, तिचा उपयोग नाही.

चांगली टीम पुढचं आधी बोलते. बाबांच्या मानेजवळची जखम खोल जात होती तेव्हा आमच्या सिस्टरने एके दिवशी शांतपणे विचारलं, घरात गडद रंगाचे टॉवेल आहेत का, नसतील तर चार आणून पलंगाखाली ठेवा. अशा जखमेतून कधीकधी एकदम रक्त जातं आणि पांढऱ्या चादरीवर ते बघून पेशंट आणि घरचे दोघंही हादरतात, गडद कापडावर तेवढं अंगावर येत नाही. तसं झालं तर काय करायचं, कुठलं औषध द्यायचं, कुणी हात धरून बसायचं हे सगळं तिने सांगून ठेवलं. तशी वेळ आली नाही, पण त्या बोलण्यानंतर आईला रात्री थोडी झोप लागायला लागली.

आता एक अवघड पण अतिशय महत्त्वाचं: घरी मृत्यू झाला तर सर्टिफिकेट कोण देणार? टीमच्या डॉक्टरला हे आधीच, स्पष्ट विचारा, "रात्री तीनला झालं तर तुम्ही याल का, की सकाळी?" मृत्यूच्या कारणाचं सर्टिफिकेट घरी झाल्यास फॉर्म ४-ए वर मिळतं, संस्थेत झाल्यास फॉर्म ४ वर, आणि शहरांत बहुतेक ठिकाणी त्याशिवाय स्मशानाचा पास मिळत नाही. टीमचा डॉक्टर मिळाला नाही तर अनोळखी डॉक्टर सही करायला तयार होत नाहीत, हॉस्पिटलला न्या म्हणतात, प्रकरण पोस्टमॉर्टेमपर्यंतही जाऊ शकतं. जी टीम ह्या प्रश्नाला "बघू तेव्हा" म्हणते, ती घेऊ नका.

८. पैसे आणि कागद

फुकट असेल तरी काय बाहेरून आणावं लागतं ते विचारा, डायपर, ड्रेसिंग, नळीचं फीड यांचा खर्च चांगला असतो. पैसे घेणारी जागा असेल तर रोजचा दर सांगतात त्यात काय काय आहे हे लिहून मागा: ऑक्सिजन, सक्शन (घशातला कफ ओढून काढणं), औषधं, डॉक्टरची व्हिजिट, रात्रीचा अटेंडंट, अ‍ॅम्ब्युलन्स. डिपॉझिट किती, आणि पेशंट दोन दिवसांत गेला तर परत किती, हेही. बोलायला जड जातं, घरातल्या जरा लांबच्या माणसाला, मेव्हण्याला वगैरे, हे काम द्या.

महाराष्ट्रात पेशंट अ‍ॅडमिट करून घेणाऱ्या जागेची नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी लागते, सर्टिफिकेट भिंतीवर असतं. २०२१ च्या नियमांनुसार दर आणि रुग्णहक्कांची सनदही लावायला हवी. नोंदणी नसेल तर तो वृद्धाश्रम आहे असं धरून चाला. मेडिक्लेमवाल्यांशी आधी बोलून घ्या, बऱ्याच पॉलिसी "अ‍ॅक्टिव्ह ट्रीटमेंट नाही" म्हणून क्लेम नाकारतात.

९. पेशंटशी कसं बोलतात

आपल्याकडे पेशंटला सांगत नाहीत. "त्यांना कळू देऊ नका" हे पहिलं वाक्य असतं घरच्यांचं, आमच्याकडेही होतं. खराब टीम दोनपैकी एक करते, एकतर तोंडावर सांगून मोकळी होते, नाहीतर तुमच्याबरोबर खोटं बोलत राहते. चांगली टीम आधी पेशंटलाच विचारते, तुम्हाला काय माहिती आहे, किती जाणून घ्यायचंय, आणि तो विचारेल तेवढंच खरं सांगते. पहिल्या भेटीत डॉक्टर पेशंटकडे बघून बोलतो की तुमच्याकडे, हे नुसतं बघा.

शेवटी आयसीयूत न्यायचं नाही, छाती दाबायची नाही, व्हेंटिलेटर नको, असं ठरलं असेल तर ते फाईलमध्ये लिहून घेतात का ते विचारा. पेशंट शुद्धीवर असेल तर लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कुठले उपचार नकोत हे त्याने स्वतः आधीच लिहून ठेवलेलं पत्र, करता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही एवढ्यावर ते होतं.

भजन लावू देतात का, घरचं जेवण आणता येतं का, नातवंडांना भेटू देतात का, शेवटी गंगाजल-तुळस, नमाज, फादरला बोलावणं, जे तुमच्याकडे असेल ते करू देतात का. छोट्या गोष्टी वाटतात पण वेळेला ह्याच लागतात.

१०. दाखल केल्यावरचे पहिले तीन दिवस

निवड इथं संपत नाही. एक साधी वही ठेवा: वेळ, दुखणं शून्य ते दहामध्ये किती (पेशंटलाच विचारून), कुठलं औषध कधी दिलं, पोट साफ झालं का, झोप किती. दिवसातून चार नोंदी पुरतात. दोन-तीन दिवसांत आकडा उतरायला हवा, नाही उतरला तर टीमने डोस किंवा औषध बदलायला हवं. वही दाखवून विचारा. वही बघून जो डॉक्टर चिडतो तिथं थांबायचं का ह्याचा विचार करा. अचानक भ्रम, रात्री ओरडणं, हातपाय झटके देणं दिसलं तर लगेच सांगा, ते "शेवट जवळ आलाय" म्हणून सोडून द्यायचं नसतं, कधी औषधाचा डोस जास्त होतो, कधी लघवी अडलेली असते, कधी पोट तुंबलेलं असतं, आणि हे बरं करता येतं.

जागा बदलावीशी वाटली तर दुसरीकडे बेड नक्की झाल्याशिवाय डिस्चार्ज मागू नका, आणि निघताना औषधांचा चार्ट लिहून घ्या, विशेषतः मॉर्फिनचा शेवटचा डोस किती वाजता झाला ते.

जवळ ठेवायचे कागद आणि सामान

- बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा स्कॅन, शेवटचं डिस्चार्ज कार्ड, "पुढे पॅलिएटिव्ह केअर" असं लिहिलेली ऑन्कोलॉजिस्टची (कॅन्सरच्या डॉक्टरची) चिठ्ठी
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट, त्यात क्रिएटिनिन
- चालू औषधांची यादी आणि अ‍ॅलर्जी
- पेशंटचं आणि सोबत राहणाऱ्याचं आधार कार्ड, रेशन कार्ड, फोटो (नाव आधारवर जसं आहे तसंच सगळीकडे लिहायला सांगा, मृत्यूच्या दाखल्यावर एक अक्षर चुकलं की बँकेत महिनोन्महिने जातात)
- लिव्हिंग विल असेल तर त्याची प्रत
- पुढून उघडणारे सैल कपडे, मऊ टूथब्रश, बडीशेप-खडीसाखर का होईना पण पेशंटच्या आवडीचं काहीतरी, छोटा टेबल फॅन. धाप लागणाऱ्या माणसाला चेहऱ्यावर येणाऱ्या वाऱ्याने खरोखर बरं वाटतं

नंतरचंही लिहून ठेवतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला लागते. संस्थेत झाला तर नोंद संस्था कळवते, घरी झाला तर घरच्यांनी महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत कळवायची. दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच काढा, बँक, विमा, पेन्शन, सोसायटी, गॅस सगळीकडे लागते. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या कपाटात ठेवू नका, कचऱ्यात टाकू नका, शेजाऱ्यांच्या पेशंटला देऊ नका. ज्या केंद्रातून मिळाल्या तिथं नेऊन द्या, ते मोजून घेतात आणि रजिस्टरला लिहितात.